त्रेचाळीस सेंटिमीटरचा हिशोब

नाशिकच्या सिडकोतल्या एका मुलानं विचारलंय: ‘दादा, मी दोन वर्षं काउंटर-स्ट्राइक २ खेळतोय. माऊस ८०० डीपीआय, गेममध्ये सेन्स १.२. मित्रांनी व्हॅलोरंट टाकायला लावलं. तिथं १.२ ठेवलं तर माणूस भोवऱ्यासारखा फिरतो. अंदाजानं कमी करत आणलं, पण रोज वेगळं वाटतं आणि स्कोप लावला की सगळंच बिघडतं. पुढं एपेक्स आणि ओव्हरवॉचही खेळायचंय. सगळीकडे हात एकसारखा चालेल असं काही करता येतं का?’

येतं. (नव्या वाचकांसाठी: हे सगळे पीसीवरचे नेमबाजीचे गेम. सेन्स म्हणजे सेन्सिटिव्हिटी, माऊस सरकवल्यावर गेममधली नजर किती वळते त्याचा आकडा. स्कोप म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण.) आधी तुझा आकडा घे: व्हॅलोरंटमध्ये ०.३७७ टाक. एपेक्समध्ये १.२ तसाच ठेव, ओव्हरवॉचमध्ये ४. घाई असेल तर इथंच थांबलास तरी निम्मं काम झालं. पण ‘रोज वेगळं वाटतं’ आणि ‘स्कोप लावला की बिघडतं’ या दोन तक्रारींना नुसता आकडा पुरणार नाही, म्हणून जरा बैठक मारून लिहितो.

कॉलेज रोडजवळच्या गल्लीत मी अकरा वर्षं गेमिंग कॅफे चालवला. सीएस, म्हणजे काउंटर-स्ट्राइक, १.६ च्या काळात बारा मशीन होती, त्यातल्या चारांना अजून रबरी गोळीचे माऊस होते. पोरं मशीनवर बसली की पहिली पाच मिनिटं सेन्स लावण्यात जायची आणि उठताना पुढच्याच्या नावानं शिव्या. त्यात एक पोरगा मात्र कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी घेऊन यायचा. मशीनवर बसला की पट्टी पॅडवर ठेवायचा, माऊस तिच्या कडेनं सरकवायचा, एक-दोनदा आकडा बदलायचा आणि खेळायला लागायचा. सगळे त्याला हसायचे. मीही हसलो. मग दोन वर्षांनी मीच काउंटरच्या खणात पट्टी ठेवायला लागलो.

त्याला जे कळलं होतं ते असं. सेन्सिटिव्हिटीचा आकडा हा प्रत्येक गेमचा स्वतःचा भाव आहे. लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलवर निघतो आणि पिंपळगावला टोमॅटोचा वीस किलोच्या क्रेटवर. कांदा दोन हजार आणि टोमॅटो पाचशे ऐकून ‘कांदा महाग’ म्हणणाऱ्याला निफाडचा माझा मामा चहासुद्धा पाजणार नाही. क्विंटलचा हिशोब केला तर टोमॅटो अडीच हजाराला पडतो. सीएसचा १.२ आणि व्हॅलोरंटचा १.२ यांचं तेच आहे. दोन्हीकडे एकच माप लावायचं असेल तर ते हाताचं लावायचं: गेममधल्या माणसाला स्वतःभोवती पूर्ण एक गिरकी, म्हणजे ३६० अंश, मारायला माऊस पॅडवर किती सेंटिमीटर सरकवावा लागतो? एवढं एक अंतर जपलं की गिरकीपुरता प्रश्न सुटतो.

आता आत काय चालतं ते बघ. माऊस कॉम्प्युटरला अंतर सांगत नाही, ठोके सांगतो. ८०० डीपीआय म्हणजे एक इंच सरकल्यावर ८०० ठोके. गेम प्रत्येक ठोक्याला तुझी नजर किती अंश वळवायची ते ठरवतो: तुझा सेन्स गुणिले गेमचा ठरलेला एक कोन. या कोनाला जाणकार ‘यॉ’ म्हणतात. सीएसमध्ये तो ०.०२२ अंश आहे. हा आकडा फार जुना, १९९६ च्या क्वेकपासून चालत आलेला. क्वेकच्या इंजिनावर हाफ-लाइफ उभा राहिला, हाफ-लाइफवर काउंटर-स्ट्राइक, पुढे सोर्स इंजिन आलं, आणि एपेक्स लेजंड्स त्याच सोर्सच्या बदललेल्या रूपावर बांधलाय. म्हणून तुझा १.२ एपेक्समध्ये जसाच्या तसा चालतो. घराण्याचा वारसा म्हण. व्हॅलोरंट वेगळ्या घराण्यातला, त्याचा कोन ०.०७. ओव्हरवॉचचा ०.००६६, आणि कॉल ऑफ ड्यूटीच्या अलीकडच्या गेमचाही तोच.

तुझा हिशोब मांडतो, मग बाकीच्या गेमचा तुझा तूच करशील. सीएसमध्ये एका ठोक्याला १.२ गुणिले ०.०२२, म्हणजे ०.०२६४ अंश. इंचाला ८०० ठोके, म्हणजे इंचाला २१.१२ अंश. ३६० ला त्यानं भाग, सतरा इंचांच्या थोडं वर येतं, २.५४ नं गुणलं की ४३.३ सेंटिमीटर. हा तुझा खरा आकडा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. व्हॅलोरंटमध्ये तू १.२ ठेवलास तेव्हा ठोक्याला ०.०८४ अंश पडत होते आणि पूर्ण गिरकी १३.६ सेंटिमीटरमध्ये होत होती. भोवरा होणारच. आता ०.०२६४ ला ०.०७ नं भाग, ०.३७७ आला. ०.००६६ नं भाग, बरोब्बर ४ आला. कॉल ऑफ ड्यूटीतही ४.

फोर्टनाइट टक्क्यांत बोलतं. एका टक्क्याला ठोक्यामागे ०.००५५५५ अंश धर, तुला ४.७५ टक्के लागतील. तिथं एकच दशांश टाकता येतो, म्हणून ४.७ किंवा ४.८ घे, दोन्हीकडे फरक अर्धा सेंटिमीटर, त्यावर झोप उडवायची गरज नाही. रेनबो सिक्स सीजमध्ये मात्र झोप उडते. तिथला स्लायडर पूर्णांकातच सरकतो, आणि मूळ सेटिंगवर तुला ४.६ हवा असताना ४ किंवा ५ यातलाच एक मिळतो. ५ घेतलास तर गिरकी चाळीस सेंटिमीटरच्याही आत येते. इलाज असा: डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरमध्ये सीजची सेटिंगची फाईल असते, त्यात माऊस मल्टिप्लायरची ओळ ०.०२ अशी दिसेल. ती ०.००२ कर आणि गेममध्ये ४६ टाक. आता ४३.४ सेंटिमीटर आला. गेम बंद असतानाच फाईल उघड, नाहीतर बाहेर पडताना गेम तुझा बदल पुसून टाकतो.

पबजीच्या पीसी आवृत्तीत ही भागाकाराची युक्ती चालत नाही, कारण तिथला स्लायडर सरळ चालतच नाही. पुढे जाईल तसा एकेका घराचा वेग वाढत जातो. अशा गेमसाठी आणि ज्यांचा कोन तुला कुठं सापडत नाही अशा सगळ्यांसाठी हातानं मोजणं हाच मार्ग. खरं तर हा मार्ग सगळ्यांत विश्वासाचा, कारण यात कुणाच्या आकड्यावर भरवसा ठेवावा लागत नाही.

दोन जाडजूड पुस्तकं घे. बारावीची गाईडं असतील तर उत्तम, एरवी ती कुणी उघडत नाही. डावीकडे एक पुस्तक पॅडवर घट्ट ठेव, माऊस त्याला चिकटव. माऊसच्या उजव्या कडेपासून २१.६ सेंटिमीटर मोजून दुसरं पुस्तक ठेव. आता या दोन भिंतींमध्ये माऊस सरकवला की तुझ्या गिरकीचा बरोबर अर्धा भाग व्हायला हवा. ज्या गेमचा आकडा शोधायचा त्याच्या सराव-मैदानात जा, खांब किंवा दाराची कड अशी एखादी उभी बारीक रेघ निवड, क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मध्यावरची नेमाची खूण, तिच्यावर ठेव. डावीकडून उजवीकडे सरकव, माऊस उचल, पुन्हा डाव्या पुस्तकाला लाव, पुन्हा सरकव. दोन फेऱ्यांत क्रॉसहेअर त्याच रेघेवर परत यायला हवा. पुढे गेला तर सेन्स जास्त आहे, अलीकडे राहिला तर कमी. एकदा जमलं की चार फेऱ्यांत दोन गिरक्या करून खात्री कर, म्हणजे बारीक चूकसुद्धा दुप्पट होऊन दिसते. माऊस कडेनं सरळ सरकू दे, वाकडा गेला तर उगाच अंतर वाढतं.

याच पुस्तकांनी दुसरी परीक्षा होते आणि तुझ्या ‘रोज वेगळं वाटतं’चं उत्तर बहुधा तिथंच सापडेल. डाव्या पुस्तकापासून उजव्यापर्यंत माऊस सावकाश ने, क्रॉसहेअर कुठं थांबला बघ. मग माऊस न उचलता जोरात परत डावीकडे आण. क्रॉसहेअर निघाला होता तिथंच आला पाहिजे. मागे पुढे झाला तर कुठंतरी ॲक्सिलरेशन चालू आहे, म्हणजे हात जोरात चालला की कॉम्प्युटर जास्त वळवतोय. अशा माऊसवर कितीही हिशोब कर, तो एका वेगापुरताच खरा.

पहिला आरोपी विंडोजचा. माऊसच्या जुन्या सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ म्हणून एक खूण असते, नावाला भुलून लोक ती चालू ठेवतात. काढून टाक. तिथंच पॉइंटरचा वेग अकरा घरांपैकी सहाव्यावर ठेव, तिथं ठोक्याला ठोका जुळतो. सीएस २ आणि व्हॅलोरंट माऊस थेट वाचतात, विंडोजचं ऐकत नाहीत. पण जुने किंवा छोटे गेम ऐकतात, आणि त्यांच्या सेटिंगमध्ये ‘रॉ इनपुट’ असेल तर ते चालू कर. व्हॅलोरंटमध्ये ‘रॉ इनपुट बफर’ नावाचं जे दिसतं ते वेगळं, जास्त पोलिंग रेटच्या, म्हणजे सेकंदाला जास्त वेळा कॉम्प्युटरला ठोके पोचवणाऱ्या माऊससाठी. त्यानं तुझे ४३ सेंटिमीटर हलत नाहीत. तसंच १०००चा पोलिंग रेट ५०० केलास तरी अंतर तेच राहतं, ठोके फक्त वेगळ्या हप्त्यांत पोचतात.

पण खरं सांगू? कॅफेत माझ्याकडे ‘सेन्स बिघडला’ म्हणून आलेल्या पोरांपैकी निम्म्यांचा विंडोजशी संबंधच नव्हता. चाकाच्या खालचं ते छोटं बटण! गडबडीत बोट लागतं, ८०० चं १६०० होतं आणि पोरगा अर्धा तास गेमच्या सेटिंगमध्ये डोकं खुपसून बसतो. माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन डीपीआयचा एकच टप्पा ठेव, बाकीचे पुसून टाक. मग बटण दाबलं तरी जाईल कुठं? ‘अँगल स्नॅपिंग’ नावाचं काही असेल तर तेही बंद; ते तुझ्या तिरक्या रेघा सरळ करायला जातं. सेटिंग माऊसच्या स्वतःच्या मेमरीत साठवता येत असेल तर साठव, म्हणजे मित्राच्या घरी किंवा कॅफेत गेलास तरी ती सोबत येते.

आणखी एक गोष्ट, जी खोक्यावर लिहिलेली नसते. ८०० डीपीआय लिहिलेला प्रत्येक माऊस ८०० ठोके देतोच असं नाही. थोडं वरखाली असतं, आणि एकाच कंपनीच्या दोन माऊसमध्येही फरक निघतो. नवा माऊस घेतलास तर जुना आकडा तसाच टाकून ‘हा माऊस जमत नाही’ म्हणू नकोस. पुस्तकं लाव, दोन फेऱ्या कर, चूक दिसली की डीपीआय दहा-वीसनं हलव. बऱ्याच माऊसमध्ये ५०च्या टप्प्यानंच डीपीआय बदलतो. तिथं डीपीआय तसाच ठेवून गेममधला सेन्स हलव. अंतर जुळलं आणि तरी नवा माऊस वेगळाच वाटतो? मग तो उलटा करून खाली बघ. सेन्सरचं भोक पुढच्या बाजूला असेल तर मनगट टेकवून हात तितकाच वळवला तरी सेन्सर जास्त लांब फिरतो, मागे असेल तर कमी. सरळ पट्टीवर दोन्ही माऊस सारखे येतील आणि मनगटावर वेगळे. याला गणित नाही, आठवडाभर हाताला वळण लागू द्यायचं.

आता पीसीकडेही एकदा बघ. तुझ्याकडे ६० हर्ट्झचा मॉनिटर असावा असा माझा अंदाज, सिडकोत अजून बहुतेकांकडे तोच. मग हेही तपास: एका गेममध्ये व्ही-सिंक चालू आणि दुसऱ्यात बंद असं नाही ना? व्ही-सिंक म्हणजे गेमची चित्रं मॉनिटरच्या ठेक्याला बांधून ठेवणारी सेटिंग. तिच्यामुळे हात हलल्यावर चित्र हलायला उशीर होतो. हा उशीर हाताला ‘जड सेन्स’ म्हणून जाणवतो. मुलगा सेन्स वाढवतो, मग नेम पलीकडे जातो, मग कमी करतो, आणि आठवडाभर त्याच चक्रात. सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम, एका गेममध्ये दीडशे आणि दुसऱ्यात पन्नास असतील तरी तेच होतं. दुसऱ्या गेमची ग्राफिक्स खाली आण, सावल्या बंद कर. सेन्सला हात लावू नकोस.

पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. कापडी पॅड जुलैत दमट होतो, माऊस ओढल्यासारखा चालतो आणि पोरांना वाटतं सेन्स कमी झाला. पॅड साध्या साबणानं धू, सावलीत पूर्ण वाळव. उन्हात टाकलास तर कडा वळतात. माऊसखालचे सरकते तळवे घासून गेले असतील तर तेही बदल. डिसेंबरच्या पहाटे बोटं आखडतात, त्यावर मात्र चहा हाच उपाय.

आता स्कोप. इथं तुझं म्हणणं खरं आहे: गिरकी जुळवूनही स्कोपमध्ये हात वेगळाच वाटतो. कारण स्कोप लावल्यावर गेम चित्र मोठं करतो आणि वेगही कमी करतो, पण दोन्ही एकाच प्रमाणात करतोच असं नाही.

सीएसमधली एडब्ल्यूपी ही दुर्बिणीची बंदूक घे. साध्या नजरेचा पट्टा, म्हणजे पडद्यावर डावीकडून उजवीकडे एका वेळी दिसणारा कोन, ४:३ च्या हिशोबानं ९० अंश. पहिल्या झूममध्ये तो ४० होतो. पडद्याच्या मध्यावर चित्र किती मोठं झालं हे अंशांच्या साध्या भागाकारानं येत नाही, अर्ध्या कोनांच्या टॅनच्या भागाकारानं येतं. दहावीतला त्रिकोणमितीचा तक्ता इथं कामाला येतो म्हणून खूश हो. ४५ चा टॅन १, २० चा ०.३६४. म्हणजे चित्र २.७५ पट मोठं झालं. पण गेम मूळ सेटिंगवर वेग ४० भागिले ९० एवढा करतो, ०.४४४, वेग फक्त सव्वादोन पटीनं उतरला. चित्र पावणेतीन पट वाढलं आणि वेग सव्वादोन पटच उतरला, म्हणून स्कोपमध्ये क्रॉसहेअर तुला सुमारे बावीस टक्के जास्त पळताना दिसतो. तो तुझा भास नाही. ०.३६४ ला ०.४४४ नं भागलं की ०.८१९ येतो. सीएसच्या सेटिंगमध्ये ‘झूम सेन्सिटिव्हिटी मल्टिप्लायर’ आहे, तो १ चा ०.८२ कर. मग स्कोप न लावता क्रॉसहेअरजवळच्या माणसावर जायला जेवढा हात लागायचा, तेवढाच स्कोप लावून पडद्यावर तितक्याच अंतरावर दिसणाऱ्या माणसावर जायलाही लागेल.

दुसऱ्या झूमचं काय? तिथं पट्टा १० अंश, आणि तोच हिशोब केला की ०.७९ येतो. एकाच आकड्यात दोन्ही झूम बसत नाहीत. मी ०.८२ वर पहिला झूम जुळवतो आणि दुसरा सोडून देतो, कारण दुसऱ्या झूमवर मी लांबचा, बहुधा स्थिर माणूसच मारतो, तिथं सवड असते. तू उलट खेळत असशील तर ०.७९ घे.

काही जाणकार म्हणतात मध्यावर जुळवण्यापेक्षा पडद्याच्या कडेवर जुळवावं, म्हणजे कडेला दिसणाऱ्या माणसावर झटका मारायला स्कोपमध्ये आणि बाहेर सारखाच हात लागेल. तेही करता येतं, पण मग मध्यावर वेग जास्त वाटणार. दोन्ही एकदम होत नाही, कारण सपाट पडद्यावर चित्र कडेला जास्त ताणलेलं असतं आणि झूम बदलला की ते ताणणंही बदलतं. बॅटलफिल्डमध्ये यासाठी ‘युनिफॉर्म सोल्जर एमिंग’ अशी सोय दिली आहे आणि तिच्या गुणकानं तू मध्य ते कड यातली जागा निवडतोस. शून्य म्हणजे मध्य. माझं मत विचारशील तर मध्यच. स्कोपमध्ये माणूस सापडल्यावरचं बारीक काम मध्यावरच होतं, कडेवरचा झटका मी स्कोप उघडण्याआधीच मारून घेतो.

ओव्हरवॉचमध्ये विडोमेकर ही दुर्बिणीची बंदूक चालवणारी बाई घेतलीस तर झूमचा मूळ आकडा ३० असतो. नजरेचा पट्टा १०३ अंशांवर ठेवला असेल तर मध्य जुळवायला तो ३८ च्या आसपास आण. तिथं गंमत उलटी आहे: मूळ सेटिंग सीएससारखी पळत नाही, रेंगाळते. व्हॅलोरंटमध्ये स्कोपचा गुणक १ वरच ठेवून महिनाभर खेळ, मग वाटलं तर थोडा थोडा खाली आण. स्कोपचा आकडा बदलताना गिरकीचा आकडा हलवायचा नाही, हे पथ्य मात्र कडक.

स्कोप न लावताही थोडासा हाच घोळ आहे, तोही सांगून टाकतो नाहीतर तूच कुठंतरी वाचून येशील. १६:९ पडद्यावर सीएसचा पट्टा १०६ अंश आणि व्हॅलोरंटचा १०३, तो बदलता येत नाही. व्हॅलोरंटमध्ये चित्र मध्यावर सहा टक्के मोठं दिसतं. म्हणून गिरकी ४३.३ वर जुळवली तरी तिथं क्रॉसहेअर किंचित चपळ वाटेल. मध्याच्या वेगानं जुळवायचं तर ०.३७७ च्या जागी ०.३५६ येतो, पण मग गिरकीला ४६ सेंटिमीटर लागतील. मी या सहा टक्क्यांच्या मागे लागत नाही. गिरकी जुळली की कोपऱ्यावरून मागे वळणं, दारांमधून नजर फिरवणं हे सगळं सवयीनं होतं आणि ते गेममध्ये शंभरदा होतं. तरी दोन्ही आकडे दिलेत, एकेक आठवडा खेळून बघ.

सीएसमध्ये ४:३ ताणून खेळत असशील तर एक गोष्ट ध्यानात ठेव. ताणलेल्या पडद्यावर माणसं जाडी दिसतात आणि आडवी पळताना जास्त वेगानं पळतात. माऊसचं अंतर मात्र तेच ४३.३ राहतं. ताणलेल्यावरून सरळवर आलास आणि ‘सेन्स कमी झाला’ असं वाटलं, तर तो डोळ्यांचा खेळ आहे.

आता ४३.३ हा आकडा तुला बरा आहे का? असावा. अर्धी गिरकी २१.६ सेंटिमीटर, आणि साधारण ४५ सेंटिमीटर रुंद पॅडच्या मध्यावर माऊस ठेवला तर उजवीकडे तेवढीच जागा उरते. मागून कुणी आलं तर एका हालचालीत वळता येतं, पॅड संपता संपता. पण तुझं टेबल कसं आहे? सिडकोतल्या खोल्यांत एकाच टेबलावर मॉनिटर, कीबोर्ड, बहिणीची वह्या-पुस्तकं आणि देवाच्या तसबिरीसुद्धा मी पाहिल्यात. माऊसला वीस सेंटिमीटरच मिळत असतील तर आकड्याशी झगडण्यात अर्थ नाही. कीबोर्ड तिरका कर, डावीकडची कड खाली आण, जागा होते. तरीही नसेल तर गिरकी ३५ वर आण, पण मग सगळ्या गेममध्ये एकदमच: जुना आकडा गुणिले ४३.३ भागिले ३५. सीएस १.४८, व्हॅलोरंट ०.४६६, ओव्हरवॉच ४.९५. एकाच गेममध्ये बदलून बाकीचे तसेच ठेवलेस तर पुन्हा पहिल्या दिवसावर.

आणि एपेक्समध्ये तुला वाटेल की माणसं फार उड्या मारतात, डोक्यावरून जातात, ४३ सेंटिमीटर जड पडतो. तिथं थोडा जास्त वेग ठेवायला माझी काही हरकत नाही. बरेच चांगले खेळाडू ठेवतात. फक्त किती ठेवलास ते सेंटिमीटरमध्ये माहीत असू दे, ‘थोडंसं वाढवलं’ असं नको. ३६ ठेवलास तर वहीत ३६ लिही.

तुझा धाकटा भाऊ बीजीएमआयचे सेन्सिटिव्हिटी कोड मागत असेल तर त्याला यातलं काही लागू नाही. तिथं अंगठा आणि फोनचा जायरोस्कोप आहे, ठोके नाहीत.

आज रात्री एवढं कर: पॉइंटर प्रिसिजन बंद, डीपीआयचा एकच टप्पा, सीएसमध्ये पुस्तकं लावून दोन फेऱ्या. इथं सेन्स हलवायचा नाही, क्रॉसहेअर रेघेवर परत येईपर्यंत दुसरं पुस्तक सरकवायचं आणि माऊसच्या कडेपासून त्याचं अंतर मोजून दुप्पट करायचं. चाळीस-एकेचाळीस आला तर तुझा माऊस ८०० पेक्षा जास्त ठोके देतोय, पंचेचाळीस-सेहेचाळीस आला तर कमी. काहीही आलं तरी सीएस सोडून बाकीचे गेम त्या मोजलेल्या अंतराला जुळव, कारण दोन वर्षं तुझा हात त्याच अंतरावर चाललाय, माझ्या हिशोबातल्या ४३.३ वर नाही. गाईडं मात्र सकाळी परत कपाटात ठेव, आईला कळलं की ती गेमसाठी काढली होतीस तर सगळंच बंद होईल.